परत मागविलेले पिस्तूल आणि मालकाचे फेरफार

सदोष माल कारखानदाराने ग्राहकांकडून परत मागवून घ्यावा आणि दोष दूर करून तो विनामूल्य परत करावा, ही पद्धत आता जगात नवी राहिलेली नाही. मोटारींच्या ब्रेकपासून लहान मुलांच्या पाळण्यापर्यंत अनेक वस्तू अशा रीतीने कारखान्यात परत गेलेल्या आहेत. ग्राहकाने पत्र वाचावे, वस्तू नेऊन द्यावी आणि आठपंधरा दिवसांनी ती घेऊन यावी, एवढाच हा व्यवहार. अमेरिकेत मात्र या व्यवहाराची एक अवघड बाजू वारंवार पुढे येते. तेथे परत मागविलेली वस्तू पुष्कळदा पिस्तूल असते, आणि ते कारखान्यातून ज्या स्थितीत बाहेर पडले त्या स्थितीत राहिलेले नसते. मालकाने त्याचा चाप बदललेला असतो, आतल्या स्प्रिंगा काढून हलक्या बसविलेल्या असतात, एखादा भाग कानशीने घासलेला असतो. असे पिस्तूल कारखान्याकडे धाडण्याची तयारी कशी करावयाची, हा वरवर पाहता बंदुकांच्या शौकिनांचा घरगुती प्रश्न वाटेल. वास्तविक सदोष वस्तूची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाचा जेवढा गुंता येथे होतो तेवढा क्वचितच अन्यत्र होत असेल.

न्यू हॅम्पशायर राज्यातील सिग सावर या कंपनीचे उदाहरण यासाठी पाहण्यासारखे आहे. या कंपनीने २०१४ मध्ये ‘पी ३२०’ नावाचे पिस्तूल बाजारात आणले. २०१७ च्या जानेवारीत अमेरिकन लष्कराने याच घडणीच्या पिस्तुलाची निवड केली आणि त्याचा बोलबाला झाला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये असे उघडकीस आले की, हे पिस्तूल विशिष्ट कोनात, मागच्या बाजूवर जमिनीवर आपटले, तर कोणी चापाला स्पर्शही न करता बार उडू शकतो. कारण मोठे गंमतीचे, पण तितकेच भयंकर होते. पिस्तूल खाली पडून एकदम थांबते. त्याचा चाप मात्र जड असल्यामुळे आपल्याच वेगाने मागे सरकत राहतो. धावती बस थांबली की उभा प्रवासी पुढे कोलमडतो, त्यातलाच हा प्रकार. चाप मागे सरकला की आतील यंत्रणेला ते बोट कोणाचे हे कळत नाही. अमेरिकेतील प्रचलित सुरक्षा-कसोट्या आपले पिस्तूल उत्तीर्ण झालेले आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. परंतु कसोट्यांमध्ये जे कोन धरले होते त्यांत हा कोन नव्हता, आणि हातातून निसटणारे पिस्तूल नियमावली वाचून पडत नाही.

कंपनीने ८ ऑगस्ट २०१७ रोजी उपाय जाहीर केला. चाप आणि त्याला जोडलेले काही भाग हलक्या वजनाचे करून बसवून द्यावयाचे, असा तो उपाय होता. त्याला कंपनीने ‘परत मागविणे’ म्हटले नाही. ‘ऐच्छिक सुधारणा’ असे सौम्य नाव दिले. लष्कराकडे जाणाऱ्या पिस्तुलांच्या चाचणीत हाच दोष आढळला होता आणि तेथे हलके भाग आधीच बसविले गेले होते, हे अमेरिकन संरक्षण खात्याच्या चाचणी विभागाच्या अहवालावरून पुढे स्पष्ट झाले. म्हणजे सैनिकाच्या कमरेचे पिस्तूल अगोदर सुधारले आणि नागरिकाच्या टेबलाच्या खणातले मागाहून. हा क्रम कसा लागला याचे समाधानकारक उत्तर ‘ऐच्छिक सुधारणा’ या शब्दांत मिळत नाही.

आता या दोषाच्या स्वरूपावरूनच मालकाच्या फेरफारांचे महत्त्व ध्यानात येईल. अमेरिकेत पिस्तुलांचे सुटे भाग तयार करून विकणे हा एक स्वतंत्र आणि भरभराटीचा धंदा आहे. नेमबाजीच्या स्पर्धांत भाग घेणाऱ्यांना चाप हलका हवा असतो, कारण तो ओढताना हात हलला तर नेम चुकतो. साधारण अडीच किलो जोराने ओढावा लागणारा चाप दीड किलोवर आणून देणारे स्प्रिंगांचे संच मिळतात. चापाचा आकार बदलतात, घोडा किंवा स्ट्रायकर अडवून धरणारी खाच घासून गुळगुळीत करतात. यातील प्रत्येक बदल मालकाच्या दृष्टीने सुधारणाच असते. परंतु कारखान्यातील अभियंत्याने ज्या वजनाचा, ज्या ताणाचा आणि ज्या खाचेचा हिशेब मांडून पिस्तूल निर्धोक ठरविलेले असते, तो हिशेब या बदलांमुळे मोडतो. चापाच्या वजनातून उद्भवलेला दोष चापाचे वजन कमी करून दूर करावयाचा असेल, तर मालकाने परस्पर कोणता चाप बसविला आहे हे कळल्यावाचून दुरुस्तीला अर्थ उरत नाही.

अशा मालकाकडे कारखान्याचे पत्र येते तेव्हा काय होते? पत्रातील सूचना सामान्यतः स्पष्ट असतात. पिस्तूल भरू नका, झाडू नका. त्यावरील क्रमांक अमुक मालिकेतला आहे काय ते पाहा. आम्ही पाठवू त्या खोक्यात घालून रवाना करा. रुगर या कंपनीने २००८ च्या एप्रिलमध्ये आपले ‘एस आर ९’ पिस्तूल परत मागविले, तेव्हा ऑक्टोबर २००७ पासून तोपर्यंत तयार झालेल्या आणि ‘३३०’ या आकड्यांनी सुरू होणाऱ्या सर्व पिस्तुलांच्या मालकांना अशाच सूचना दिल्या होत्या. तेही पिस्तूल, सेफ्टी लावलेली नसताना, खाली पडल्यास झडण्याचा संभव होता. पाठवणीचा कायदाही फार जाचक नाही. १९२७ मध्ये अमेरिकन काँग्रेसने सामान्य नागरिकाला टपालाने पिस्तूल पाठविण्याची बंदी केली, म्हणून असा माल आजवर खासगी वाहतूक कंपन्यांमार्फत जात आला. परवानाधारक कारखान्याकडे शस्त्र दुरुस्तीला पाठविता येते आणि कारखाना ते दुरुस्त करून थेट मालकाच्या घरी परत पाठवू शकतो. इथपर्यंत सारे सरळ आहे.

अडचण पुढे येते. कारखान्यांचा सर्वसाधारण रिवाज असा की, दुरुस्तीला आलेल्या शस्त्रात इतरत्र तयार झालेले भाग आढळल्यास ते काढून टाकावयाचे आणि मूळ भाग बसवावयाचे, किंवा शस्त्राला हात न लावता ते परत पाठवावयाचे. मालकाला ही गोष्ट ठाऊक असते. त्याने चापावर पैसे खर्च केलेले असतात, एखाद्या नामांकित कारागिराकडे महिनोन् महिने थांबून काम करून घेतलेले असते. आपला चाप कारखान्यात गहाळ होईल, आपली हमी रद्द होईल, उद्या काही घडले तर आपल्याच सहीचा कागद आपल्यावर उलटेल, अशा तीन भीती त्याच्या मनात घर करतात. मग तो एक सोपी युक्ती योजतो. कपाटात जपून ठेवलेले मूळ भाग शोधून काढतो, रात्री जेवणाच्या टेबलावर पिस्तूल खोलतो, नवे भाग काढून जुने बसवितो आणि पिस्तूल जणू कधी उघडलेच नव्हते अशा थाटात खोक्यात ठेवतो. परत आल्यावर पुन्हा आपले भाग चढवावयाचे, हे त्याने तेव्हाच ठरविलेले असते.

ही युक्ती निरुपद्रवी वाटते. ती तशी नाही. पिस्तूल खोलण्यापूर्वी मॅगझिन काढले म्हणजे ते रिकामे झाले, असा समज आजही जीव घेतो, कारण नळीच्या तोंडाशी, चेंबरमध्ये, एक गोळी मागे राहिलेली असू शकते. घोडा-चापाची यंत्रणा उलगडून पुन्हा जुळविणे हे काम ज्याचे त्यालाच येते; एखादी बारीक स्प्रिंग उलटी बसली तरी बाहेरून काही दिसत नाही. परंतु याहूनही गंभीर बाब वेगळी आहे. मूळ भाग लावून पाठविलेल्या पिस्तुलाची तपासणी करणारा कारागीर जे पाहतो ते खोटे पिस्तूल असते. मूळ भाग नवेकोरे, कारण ते वर्षानुवर्षे कपाटात होते. ज्यांच्याशी ते जुळावयाचे ते शेजारचे भाग मात्र हजारो गोळ्या झाडून झिजलेले. कारखान्याची दुरुस्ती या बनावट जोडीवर होते, तिच्यावर ‘निर्दोष’ असा शेरा पडतो, आणि घरी आल्यावर त्या शेऱ्यासह पुन्हा परके भाग बसविले जातात. दोष होता तिथेच राहतो. वाढते फक्त मालकाची निश्चिंती. अगोदर तो पिस्तूल जपून तरी हाताळत होता.

तेव्हा अशा पिस्तुलाची तयारी म्हणजे ते ‘मूळच्यासारखे’ करणे नव्हे. ते जसे आहे तसे सांगणे. मॅगझिन काढून, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासून ते रिकामे करावे. गोळ्या त्याच खोक्यात घालू नयेत. दुर्बीण, दिवा, म्यान वगैरे ज्या वस्तूंचा दोषाशी संबंध नाही त्या काढून घरी ठेवाव्यात. दोष खरोखरच आहे काय हे पाहण्यासाठी पिस्तूल जमिनीवर आपटून पाहण्याचा उत्साह आवरावा. असा उत्साह काही महाभागांनी दाखविलेला आहे. चाप, स्प्रिंगा, खाच यांना कोणी, कधी आणि काय केले, याचा एक कागद लिहून खोक्यात ठेवावा, त्याची प्रत आपल्याजवळ ठेवावी, आणि मूळ भाग असतील तर ते पिशवीत घालून सोबत द्यावेत, बसवून नव्हे. एवढ्या साध्या गोष्टीत काही अवघड असू नये. ती अवघड झालेली आहे याचे कारण मालकाच्या स्वभावात शोधण्यापेक्षा अमेरिकेच्या कायद्यात शोधणे अधिक योग्य ठरेल.

अमेरिकन काँग्रेसने १९७२ मध्ये ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी कायदा करून एक आयोग नेमला. सदोष वस्तू बाजारातून परत घेण्यास कारखानदाराला भाग पाडण्याचा अधिकार या आयोगाला आहे. मात्र ‘ग्राहकोपयोगी वस्तू’ या शब्दाच्या व्याख्येतून बंदुका, पिस्तुले आणि काडतुसे वगळण्यात आली. पुढे पिस्तुलाच्या गोळ्यांवर घातक पदार्थ म्हणून बंदी घालावी, असा अर्ज काही नागरिकांनी आयोगाकडे केला, तेव्हा काँग्रेसने १९७६ मध्ये आणखी एक दुरुस्ती करून ही वाटही बुजविली. परिणाम असा झाला की, पाव भाजण्याच्या यंत्रात दोष निघाला तर सरकार ते परत घ्यावयास लावू शकते. भरलेले पिस्तूल आपोआप झडत असेल तर मात्र सरकार कारखानदाराला विनंतीपलीकडे काही करू शकत नाही. या विसंगतीचे टोक २००१ मध्ये दिसले. डेझी या कंपनीच्या छऱ्याच्या बंदुका सदोष असल्याचे सांगून आयोगाने सुमारे ७५ लाख बंदुका परत घेण्यासाठी कंपनीविरुद्ध कारवाई सुरू केली आणि २००३ मध्ये त्यात समेट झाला. छऱ्याची बंदूक हवेच्या दाबावर चालते, दारूवर नव्हे, म्हणून ती आयोगाच्या कक्षेत येते. हीच कंपनी खऱ्या गोळ्यांची बंदूक करीत असती, तर आयोगाला तिचे दारही ठोठावता आले नसते.

शस्त्र बाळगण्याचा हक्क राज्यघटनेने दिलेला आहे आणि सुरक्षिततेच्या नावाखाली नोकरशाही तो हिरावून घेईल, अशी या अपवादामागची भूमिका आहे. ती सर्वस्वी निराधार आहे असे म्हणता येणार नाही. १९७० च्या दशकात पिस्तुलांवर सरसकट बंदी यावी असे वाटणारे लोक होते आणि आयोगाचा मार्ग त्यांना जवळचा वाटला होता. परंतु हक्काचे रक्षण आणि दोषाचे रक्षण या दोन गोष्टी आहेत. ज्याला पिस्तूल बाळगण्याचा हक्क आहे त्याला ते न ओढता झडू नये अशी अपेक्षा करण्याचाही हक्क असला पाहिजे. खरे म्हणजे या अपवादाचा पहिला बळी बंदुकीचा विरोधक नसून बंदुकीचा मालकच आहे.

सरकारी सक्ती नाही म्हटल्यावर परत मागविण्याचा सारा व्यवहार कंपनीची मर्जी आणि न्यायालयाची भीती या दोन खांबांवर उभा राहतो. २००५ च्या कायद्याने शस्त्रनिर्मात्यांना अनेक दाव्यांपासून संरक्षण दिले; घडणीतील दोषाचा दावा त्यातून वगळला आहे, परंतु शस्त्र अपेक्षित रीतीने वापरले जात असावे अशी तेथेही अट आहे. अशा दाव्यात कंपनीच्या वकिलाचा आवडता प्रश्न कोणता असेल, हे सांगावयास नको. पिस्तूल मूळ स्थितीत होते काय? येथे मालकाचा फेरफार कंपनीच्या कामी येतो.

रेमिंग्टन कंपनीच्या ‘मॉडेल ७००’ या रायफलचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. ही रायफल १९६२ मध्ये निघाली, आणि तिच्यातील चापाची रचना त्याहून जुनी होती. सेफ्टी काढताच, किंवा नुसता हात लागताच बार उडाला, अशा तक्रारी अनेक वर्षे येत राहिल्या. २००० साली माँटाना राज्यात शिकारीहून परतलेल्या एका कुटुंबातील नऊ वर्षांचा मुलगा अशाच बाराला बळी पडला. रायफल रिकामी करण्यासाठी आईने सेफ्टी सरकविली होती. कंपनीचे उत्तर बहुधा ठरलेले असे: रायफलची निगा नीट राखलेली नाही, चापात कोणी तरी फेरफार केलेला आहे, हाताळणी बेफिकिरीची आहे. काही प्रकरणांत हे खरेही असेल. चापाचे स्क्रू फिरवून तो हलका करण्याची हौस अनेक शिकाऱ्यांना असते. पण काहींच्या हौसेचे खापर सर्वांच्या माथी फोडण्याची सोय त्यामुळे झाली, आणि मूळ रचनेची चौकशी दशकानुदशके लांबली. अखेर सामूहिक दाव्यात तडजोड झाली, न्यायालयाने ती २०१७ मध्ये मान्य केली. सुमारे ७५ लाख बंदुकांचे चाप बदलून देण्याची किंवा भरपाईची तरतूद तीत होती. कंपनीने दोष मात्र शेवटपर्यंत कबूल केला नाही. आणि मालकांकडून आलेले अर्ज शेकडा एक इतकेही नव्हते.

एवढे थोडे लोक पुढे का आले असावेत? कित्येकांपर्यंत बातमीच पोचली नसेल. आजोबांकडून आलेली रायफल, विकत घेणाऱ्याचे नाव कोठे नोंदलेले नाही. अमेरिकेत शस्त्रमालकांची राष्ट्रीय नोंदवही ठेवण्यास १९८६ पासून कायद्यानेच मनाई आहे, त्यामुळे मोटारीप्रमाणे प्रत्येक मालकाला घरपोच पत्र पाठविण्याची सोय नाही. काहींना ‘माझ्या बंदुकीला काही झालेले नाही’ हा विश्वास पुरेसा वाटला असेल. आणि चाप बदललेल्यांना आपली गणना कोणत्या रांगेत होईल याची खात्री नसावी. कारण कोणतेही असो, दुरुस्त न झालेल्या बंदुका घरोघरी राहिल्या ही वस्तुस्थिती आहे. त्या घरांत लहान मुले आहेत, शेजारी आहेत, आणि भिंती लाकडी पट्ट्यांच्या आहेत.

कंपन्यांच्या बाजूनेही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ज्या भागाची घडण आपली नाही त्याची हमी कारखान्याने द्यावी, अशी मागणी करता येत नाही. परका चाप तसाच ठेवून पिस्तूल निर्धोक असल्याची सही कोणताही जबाबदार अभियंता करणार नाही, आणि करू नये. यास्तव चापाच्या यंत्रणेतील परके भाग काढण्याचा कारखान्याचा आग्रह रास्तच आहे. मालकांचा आक्षेप असा की, वस्तू आमची, पैसे आमचे, आणि आमच्या कारागिराचे काम कारखान्यापेक्षा सरस. हा आक्षेप स्पर्धेच्या मैदानावर खरा असू शकतो. परंतु ज्या क्षणी पिस्तूल परत मागविले गेले त्या क्षणी त्याच्या मूळ रचनेवरचाच विश्वास ढळलेला असतो; सरस कारागिराने आपले काम त्याच ढळलेल्या पायावर केलेले असते. चापाचा आग्रह मालकाने सोडावा, हेच इष्ट. मात्र नेम धरण्याची खूण, मूठ, नळीवरील लेप अशा ज्या बदलांचा दोषाशी सुतराम संबंध नाही, त्यांच्या सबबीवर दुरुस्ती नाकारणे म्हणजे जबाबदारीतून अंग काढून घेणे होय.

यापुढे जाऊन कारखान्याने आणखी एक पाऊल टाकावयास हवे. फेरफार सांगणाऱ्या मालकाला शिक्षा होणार नाही, काढलेले भाग त्याला परत मिळतील, आणि त्याने लिहून दिलेला कागद केवळ दुरुस्तीसाठी वापरला जाईल, असे पत्रातच लिहावे. विमानवाहतुकीच्या क्षेत्रात अमेरिकेनेच हे तत्त्व स्वीकारलेले आहे. वैमानिकाने आपली चूक आपण होऊन कळविली तर तिचा उपयोग शिक्षेसाठी न करता धडा घेण्यासाठी करावयाचा, अशी व्यवस्था तेथे १९७६ पासून चालू आहे आणि तिने उड्डाण अधिक सुरक्षित झाले याविषयी दुमत नाही. पिस्तुलाच्या बाबतीत कंपन्या आपण होऊन असे आश्वासन देतील ही आशा भाबडी आहे. ते वदवून घेणारा कोणी तरी वर असावा लागतो, आणि १९७६ मध्येच काँग्रेसने तो नसेल अशी व्यवस्था केली. एकाच वर्षी एका क्षेत्रात शहाणपण आणि दुसऱ्यात त्याचा अभाव, असे राज्यकारभारात घडते.

भारतात नागरिकांजवळील शस्त्रांचा प्रश्न अगदी निराळा आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्यावाचून शस्त्र बाळगता येत नाही आणि त्याची दुरुस्ती किंवा त्यात परिवर्तन करण्याच्या धंद्यालाही परवाना लागतो. तेव्हा जेवणाच्या टेबलावर चाप बदलणारा शौकीन येथे सहसा आढळावयाचा नाही. पण फेरफार केलेल्या वस्तूची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न येथेही आलेला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने केंद्रीय प्राधिकरणाला घातक माल परत घेण्याचा हुकूम देण्याचा अधिकार दिला, आणि त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन सदोष वाहने परत घ्यावयास लावण्याची तरतूद झाली. याबाबतीत भारताचा कायदा अमेरिकेच्या बंदूकविषयक कायद्याहून पुढे आहे. परंतु त्याच ग्राहक कायद्याचे ८७ वे कलम असे सांगते की, इजा झाली त्या वेळी वस्तूचा गैरवापर झालेला असेल किंवा तिच्यात फेरफार झालेला असेल, तर विक्रेत्यावर उत्पादन-दायित्वाचा दावा करता येणार नाही. फेरफाराचा आणि इजेचा काही संबंध असलाच पाहिजे, असे त्या शब्दांत स्पष्ट म्हटलेले नाही. स्कूटरचा आरसा बदलणाऱ्याला ब्रेकच्या दोषाबद्दल दाद मिळावी की नाही, असा प्रश्न एखाद्या जिल्हा आयोगापुढे उभा राहिला तर या कलमाचा अर्थ कसा लावावयाचा, याचा विचार ग्राहक संघटनांनी आताच करून ठेवलेला बरा.

कारखानदाराने मनावर घेतले तर किती करता येते, आणि मालकाने मनावर घेतले नाही तर त्यातले किती टिकते, याचे उदाहरण पुन्हा रुगर कंपनीचेच आहे. १९५३ पासून ही कंपनी जुन्या काउबॉय धाटणीची रिव्हॉल्व्हरे बनवीत आली. त्यांच्यात घोडा खाली असला की तो थेट गोळीच्या मागे टेकत असे, आणि रिव्हॉल्व्हर पडले तर बार उडण्याचा धोका होता. म्हणून सहा घरांपैकी पाचच भरावीत आणि घोडा रिकाम्या घरावर ठेवावा, असा जुन्या लोकांचा दंडक होता. तो सर्वांना ठाऊक नव्हता, सर्वांनी पाळलाही नाही. अलास्कातील एका खटल्यात ज्यूरीने कंपनीला सुमारे २९ लाख डॉलरचा दंडात्मक भुर्दंड बसविला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाला १९७९ मध्ये ती रक्कम अवाजवी वाटली, तरी कंपनीचा दोष त्याने पुसून टाकला नाही. १९७३ मध्ये कंपनीने नवी सुरक्षित रचना आणली होतीच. १९८२ पासून तिने जुन्या रिव्हॉल्व्हरांतही सुरक्षित भाग विनामूल्य बसवून देण्याची योजना सुरू केली. रिव्हॉल्व्हर पाठवा, आम्ही दुरुस्त करून परत देऊ, आणि काढलेले मूळ भागही पिशवीत घालून सोबत पाठवू, असे तिचे स्वरूप आहे. मालकाचे ते त्याला परत देण्याचा प्रामाणिकपणा कंपनीने दाखविला आहे.

त्या पिशवीचे पुढे काय झाले? जुन्या रिव्हॉल्व्हरांच्या संग्राहकांत अस्सल, न बदललेल्या नमुन्याला अधिक भाव येतो. दुरुस्त केलेले रिव्हॉल्व्हर विकावयास निघाले म्हणजे गिऱ्हाईक पहिल्यांदा विचारते, मूळ भागांची पिशवी सोबत आहे काय. असेल तर किंमत चढते, आणि सुरक्षित भाग काढून मूळचे धोकादायक भाग पुन्हा बसविणारे खरेदीदारही निघतात. दुरुस्तीचा लाभ न घेता जुनी रिव्हॉल्व्हरे तशीच ठेवणारे तर अजूनही पुष्कळ आहेत. रिव्हॉल्व्हरवर धोक्याची कोणतीही खूण नसते. ते नातवाच्या हाती जाते तेव्हा त्याची सहाही घरे भरण्याजोगी दिसतात.